पत्राखालची ताई

प्रकाशनाच्या मार्केटिंगवाल्या बाईंचा सकाळपासूनचा तिसरा फोन आला, तेव्हा लेखिकाबाई पाणीपुरवठा कार्यालयातल्या आपल्या टेबलाशी बसून गढूळ पाण्याच्या बाविसाव्या तक्रारीला उत्तर देत होत्या. लेखिकाबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. ते ऑफिसने ठेवलेलं, निम्मं कौतुकाने आणि निम्मं चिडवायला. वीस वर्षं लोकांच्या तक्रारी वाचणाऱ्या या बाईंनी चौदा महिन्यांपूर्वी एक विनोदी कादंबरी काढली, ती चक्क खपली आणि आता तिची दुसरी आवृत्ती छापायला जायची होती.

मार्केटिंगवाल्या बाईंचं म्हणणं असं, की लेखकाने पाठवलेला प्रत्येक ईमेल ही जाहिरातीची जागा आहे, ती रिकामी सोडणं म्हणजे गुन्हा. तेव्हा ईमेलला सही हवी. सही म्हणजे पेनने ठोकतात ती नव्हे, पत्र संपलं की आपोआप खाली येऊन बसतो तो मजकूर. सगळ्यात वर पुस्तकाचं नाव, मग एक चटपटीत ओळ, मुखपृष्ठाचं चित्र, 'आजच नोंदवा'चं बटण आणि तळाशी, जागा उरली तर, लेखिकेचं नाव. लेखिकाबाईंनी बापुडवाणा प्रश्न केला, की पत्राखाली आधी पत्र लिहिणाऱ्याचं नाव असतं ना हो? त्यावर बाई म्हणाल्या, वाचकाच्या लक्षात पुस्तक राहिलं पाहिजे, तुमचं काय!

सही करायला अख्खी दुपार गेली. आधी मुखपृष्ठ एवढं मोठं आलं की चित्रातल्या बाईची नुसती हनुवटी दिसत होती. ते लहान केलं तर पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं. बटण दाबलं की कुठल्याशा चपलांच्या दुकानाचं पान उघडे. शेवटी पलीकडच्या टेबलावरच्या सेटिंगवाल्यांना शरण जावं लागलं. हे गृहस्थ मुळात पंपांच्या नोंदी ठेवायचे, पण ऑफिसात कुणाचंही मशीन अडलं की बाह्या सरसावून हजर. ते आले, खुर्ची ओढून बसले, टकाटक काहीतरी दाबलं आणि म्हणाले, सगळीकडे लावून टाकलंय, तुमच्या फोनमध्येसुद्धा, आता बघायलाच नको. लेखिकाबाईंनी खरंच बघितलं नाही, आणि तिथेच घोळ झाला.

सही अशी होती:

ताई म्हणेल तसं
प्रत्येक घरात एक असतेच! पोट धरून हसवणारी कादंबरी.
दुसरी आवृत्ती लवकरच. आजच नोंदवा.

दोन दिवसांत तिने आपले गुण दाखवले. इमारतीच्या चेअरमनना लेखिकाबाईंनी छतातून पाणी गळतंय म्हणून लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं, पुस्तक सवडीने वाचू, पण पाणीपुरवठ्यात नोकरी करून तुम्हीच गळतीची तक्रार करताय हे वाचूनच पोट धरून हसलो. दातांच्या डॉक्टरांकडे वेळ मागितली, तर तिथल्या रिसेप्शनिस्ट मुलीने दोन प्रतींची नोंदणी करून टाकली आणि वेळ द्यायची विसरली. तिसरा प्रकार मात्र अंगाशी आला. साहेबांचे वडील गेले. लेखिकाबाईंनी रजेवर असलेल्या साहेबांना मनापासून चार ओळी लिहिल्या, दुःखात आम्ही सगळे तुमच्यासोबत आहोत वगैरे, आणि त्याखाली 'पोट धरून हसवणारी कादंबरी, आजच नोंदवा' असं जाऊन बसलं. साहेब कामावर आले तेव्हा चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, हेही त्यांचे उपकारच. लेखिकाबाईंना मात्र धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं.

त्यांनी सेटिंगवाल्यांना फैलावर घेतलं. आत्ताच्या आत्ता काढा ते. त्यांनी काढलं. कम्प्युटरवर नवा ईमेल उघडून दाखवला, खाली स्वच्छ कोरी जागा. लेखिकाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मार्केटिंगवाल्या बाईंना कळवलं, की तांत्रिक अडचण आहे. ती अडचण म्हणजे आपली लाज, हे काही सांगितलं नाही.

एवढा वेळ ज्या पुस्तकाची जाहिरात चालली होती, त्या पुस्तकापायी लेखिकाबाईंची सख्खी थोरली बहीण चौदा महिने त्यांच्याशी बोलत नव्हती, ही मुख्य गोष्ट सांगायची राहिली. कादंबरीतली ताई म्हणजे हीच ताई, हे शेंबडं पोरही ओळखेल. तिचा दरारा, तिची पट्टी, 'मी सांगितलं ना' म्हणून विषय संपवणं, सगळं जसंच्या तसं. ताईने पुस्तक वाचलं आणि पोस्टाने परत पाठवून दिलं. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. फक्त एक्केचाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला. त्या पानावर एक वाक्य होतं: 'तिने शिक्षण सोडलं ते आमच्यासाठी नाही, हुकूम सोडायला दोन माणसं आयती मिळाली म्हणून.'

या वाक्याला वाचक हमखास हसायचे. कार्यक्रमात लेखिकाबाई ते वाचून दाखवायच्या आणि टाळी घ्यायच्या. आई गेली तेव्हा ताई अठराची होती, मधला भाऊ दहाचा आणि या सहाच्या. ताईचं शिक्षिकेचं कॉलेज नुकतं कुठे सुरू झालं होतं. हे सगळं त्यांना माहीत होतं, आणि तरी विनोदाच्या भरात ते वाक्य लिहिलं गेलं. लिहिलं गेलं म्हणजे काय, त्यांनीच लिहिलं.

आता ताई गाव सोडून निघाली होती. शिवणक्लास बंद करून, घर आवरून, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला लेकीकडे कायमची राहायला. हे लेखिकाबाईंना भावाकडून कळलं. ताई एकदा त्या लांबच्या शहरात गेली की रुसवा तसाच राहणार, वर्षावर वर्षं चढणार आणि एक दिवस दोघींतली कुणीतरी नसणार. फोन ती उचलत नव्हती. दारात जावं तर ती दार उघडून 'काय काम होतं' असं विचारेल, आणि त्या प्रश्नापुढे लेखिकाबाईंचं तोंड उघडणार नाही, हे त्या पन्नास वर्षं ओळखून होत्या. राहता राहिला ईमेल. ताई क्लासच्या बायकांच्या ईमेलना रोज उत्तरं द्यायची. पत्राला उत्तर न देणं हा तिच्या लेखी अडाणीपणा होता.

म्हणून एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या जिन्यात बसून लेखिकाबाईंनी फोनवर पत्र लिहिलं. कम्प्युटरवर लिहिलं असतं तर मागून कुणीतरी डोकावलं असतं. दोनशे पानांची कादंबरी झरझर लिहिणाऱ्या बाईंना हे दीड पान लिहिताना घाम फुटला. माझं चुकलं, असं सरळ लिहिलं. टाळीसाठी तुला विकलं, असंही लिहिलं आणि ते खोडलं नाही. शेवटी, 'तुझी' म्हणून पुढे काय लिहावं ते सुचेना. तुझी धाकटी म्हणायचा हक्क अजून आहे की नाही, कुणास ठाऊक. मग 'तुझी'च पुसून टाकलं आणि शेवटचं वाक्य तेवढं ठेवलं: 'आता मी काय करायचं, ते तूच सांग.' घंटा झाली. पत्र पाठवून त्या लगबगीने वर आल्या.

तासाभराने, पत्र नीट गेलं ना म्हणून पुन्हा उघडलं. नीट गेलं होतं. अगदी शेवटपर्यंत गेलं होतं. 'ते तूच सांग'च्या खाली, जिथे धाकट्या बहिणीचं नाव हवं होतं तिथे, 'ताई म्हणेल तसं' होतं. त्याखाली 'प्रत्येक घरात एक असतेच!' होतं. आणि 'आजच नोंदवा' होतं.

लेखिकाबाई सेटिंगवाल्यांच्या टेबलापाशी गेल्या आणि फोन त्यांच्या नाकासमोर धरला. ते म्हणाले, अहो, फोनची सही वेगळी असते. तुम्ही काढा म्हणालात, तेव्हा मी कम्प्युटरवरची काढली. इतक्या निरागसपणे म्हणाले, की रागवावं तरी कुणावर? आता काढू का, असंही त्यांनी विचारलं. लेखिकाबाई म्हणाल्या, आता कशाला, आता तिची आरती ओवाळा. आणि स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडल्या. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळ सोडून रडणं शोभत नाही, हे रडतानाही त्यांच्या मनात आलं, आणि स्वतःचाच संताप आला. मेलं हे डोकं प्रत्येक गोष्टीत विनोदच शोधतं, त्यापायीच तर हे सगळं झालं.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, की दुसरं पत्र पाठव, खुलासा कर. खुलासा काय करणार? माफी खरी आहे, जाहिरात आपोआप आली, असा? ताईला आपोआप काही पटत नसे. लहानपणी कप आपोआप फुटला म्हटलं तर ती म्हणायची, मग आपोआप केर भर. लेखिकाबाईंनी दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा पूर्ण वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशी उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मार्केटिंगवाल्या बाईंनी कळवलं, की पानं उद्या छपाईला जाताहेत, आणि सहीची तांत्रिक अडचण सुटली का? लेखिकाबाईंनी फोन टेबलावर पालथा घातला.

चौथ्या दिवशी, सकाळी साडेदहाला, ताईचं उत्तर आलं. उघडलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या, लहानपणी ताई खोलीत आली की राहायच्या तशा.

'पत्र मिळालं. मी काय करायचं ते तूच सांग, असं विचारलंयस, आणि खाली तूच लिहिलंयस, ताई म्हणेल तसं. ते आपोआप आलं असणार, एवढी अक्कल मला आहे. क्लासच्या बायकांच्या पत्रांखालीसुद्धा काय काय येतं. पण आलंय तर मी धरून चालते.

तर ऐक. रविवारी ये. वरची कपाटं उतरवायची आहेत, माझा हात पोचत नाही.

आणि पान एक्केचाळीस. हुकूम सोडायला मी शिक्षण नव्हतं सोडलं. कॉलेजात नाव काढून आले त्या दिवशी मी मोरीत बसून रडत होते. तू सहा वर्षांची. माझे डोळे पुसायला भांडी पुसायचं फडकं घेऊन आलीस, ओलं, आणि म्हणालीस, ताई, हे कोरडं आहे. हे तुला आठवत नसेल. मला आठवतं. लिहायचंच असेल तर ते लिही. हुकूम सोडतेच मी, ते राहू दे.

पोट धरून हसवणारी म्हणून छापलंयस. मला दोनच ठिकाणी हसू आलं.'

लेखिकाबाईंना ते फडकं आठवत नव्हतं. खूप जोर लावून बघितला, काहीच नाही. मोरी आठवली, तिथली बादली आठवली, पण रडणारी ताई त्यांच्या आठवणीत कुठेच नव्हती. तिने पुन्हा कधी समोर रडून दाखवलंच नव्हतं, आणि यांनी त्यावरून ठरवून टाकलं होतं, की तिला रडायला येत नाही.

त्यांनी तिथूनच प्रकाशनाला फोन लावला. मार्केटिंगवाल्या बाई म्हणाल्या, पानं आज दुपारी निघताहेत, आता अक्षर हलणार नाही, आणि ते वाक्य तर आपण मलपृष्ठावर, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या बाजूला घेतलंय, लोकांचं सगळ्यात आवडतं आहे ते. लेखिकाबाईंनी वीस वर्षं लोकांचा आरडाओरडा शांतपणे ऐकला होता. आज त्यांनी स्वतः केला. ते वाक्य आतूनही जाईल आणि मागूनही जाईल, नाहीतर दुसरी आवृत्ती निघणार नाही, असं इतक्या मोठ्याने सांगितलं की सेटिंगवाले चहा घेऊन आले होते ते दारातूनच परत गेले. बाई म्हणाल्या, मग त्या जागी काय घालायचं? लेखिकाबाई म्हणाल्या, तासाभरात पाठवते. आणि तक्रारींची खिडकी तशीच उघडी टाकून त्यांनी मोरी, ओलं फडकं आणि सहा वर्षांची मुलगी लिहून काढली. त्यात एकही विनोद आला नाही. पानं दुपारच्या आत गेली.

मग त्यांनी ताईला उत्तर लिहायला फोन हातात घेतला. पान बदललं हे कळवलं. रविवारी सकाळीच येते म्हणून लिहिलं. शेवटी स्वतःच्या बोटांनी, एकेक अक्षर बघत लिहिलं, 'ताई म्हणेल तसं. तुझी धाकटी.' आणि पाठवलं. पाठवल्यावर लक्षात आलं, की फोनमधली सही काढायची राहिलीच, म्हणजे खाली पुन्हा एकदा 'ताई म्हणेल तसं' गेलं.

या वेळी ताईचं उत्तर दोन मिनिटांत आलं.

'एकदा लिहिलेलं कळतं मला. येताना जाड पिशव्या घेऊन ये.'