आईचा ‘मग?’

बाबांच्या बोलण्यात खोकला फार, आणि थांबणं त्याहून फार. कपडे शिवणं हा त्यांचा धंदा. पण संध्याकाळी प्रार्थनेच्या सभागृहात उभे राहिले, की हाच शिंपी देवाच्या गोष्टी अशा गाऊन सांगायचा, की डोळे भरून यावेत आणि ते पुसता पुसता हसू फुटावं. गोष्ट ऐन रंगात आली, की बाबा एक बोट वर करून गप्प व्हायचे. खोकायचे, कपाळ पुसायचे, छताकडे बघत राहायचे. सगळे ताटकळलेले. मग पहिल्या रांगेतून आईचा आवाज यायचा, “मग?”

“बघा,” बाबा म्हणायचे, “घरी मी तोंड उघडलं, की हिला कामं आठवतात. इथे मात्र हिलाच घाई!”

सभागृह हसायचं आणि गोष्ट पुढे निघायची. आईच्या त्या एका शब्दाशिवाय बाबांचं निरूपण कधी पुढे सरकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

घशाची शस्त्रक्रिया ठरली. आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तेव्हा बाबांचं शेवटचं निरूपण लेकीने फोनवर रेकॉर्ड करून घेतलं.

लेक कॉम्प्युटर ऑपरेटर. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची, तेव्हापासून त्याच कचेरीत, त्याच खिडकीपाशी. साहेबलोकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग तिच्याकडे यायचं. ती आधी फाइल साफ करायची, म्हणजे खोकले, खुर्च्यांची करकर, मधल्या रिकाम्या जागा काढून टाकायची, आणि मग टाइप करायला बसायची. साहेब बदलले, मशीनं बदलली, पण तिच्या कामात खोट काढणारा कुणी भेटला नाही. बढती मिळाली नाही ती नाहीच. “तुम्ही गेलात तर हे कोण करणार?” असं प्रत्येक साहेब म्हणायचा, आणि वेडी त्यावरच खूश व्हायची.

बाबांची फाइलही तिने तशीच उघडली. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून. शेजारच्या टेबलावरचे वयस्कर सहकारी डोकावले. त्यांचं मशीन सदा अडकलेलं, म्हणून सारी कचेरी त्यांना हँगकाका म्हणायची.

“काय गं, जेवायचं नाही?”

“बाबांचं निरूपण साफ करतेय, काका.”

“देवाच्या गोष्टीतसुद्धा कचरा असतो होय?”

“असतो तर! नुसता खोकलाच किती आहे ऐका.”

पडद्यावर बाबांचा आवाज डोंगररांगेसारखा दिसत होता. मध्ये सपाट पट्टा, त्यात बारीकसा एक उंचवटा, पुन्हा सपाट पट्टा. तो उंचवटा म्हणजे आई. लेकीने तो ऐकला, गालातल्या गालात हसली, आणि पट्ट्यासकट कापला. पुढे असे जितके सापडले, तितके सगळे. आवाज बाबांचा जाणार होता, बाबांचाच जपायचा होता. आई काय, घरी होतीच. काम झाल्यावर सवयीप्रमाणे तिने मूळ फाइल फोनवरून आणि मशीनवरूनही पुसून टाकली. एकाच गोष्टीच्या दोन प्रती ठेवणं तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली. बाबा घरी आले. सगळ्यांनी मिळून ते निरूपण ऐकलं.

“छान झालंय गं,” आई म्हणाली. “अगदी रेडिओवर लागल्यासारखं.” उठता उठता पुढे म्हणाली, “पण किती लवकर संपलं.”

लेकीला ते कौतुकच वाटलं.

पुढे वर्ष उलटायच्या आत आई गेली. दुखणं नाही, खुपणं नाही. दुपारची जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

बाबा आता शिंप्याच्या खडूने काळ्या कापडाच्या तुकड्यावर लिहून बोलायचे. बरेच दिवस ते कापड कोरंच होतं. एका संध्याकाळी त्यावर अक्षरं उमटली: ‘ते लाव.’

लेकीने घरच्या लॅपटॉपवर फाइल लावली. बाबांनी डोळे मिटले. गोष्ट सुरू झाली. एका गरिबाघरी देव पाहुणा होऊन येतो. घरात पांघरूण एकच, ते पाहुण्याला देतात. पहाटे घरधनी उठून बघतो, तर पांघरूण लेकरांच्या अंगावर आणि देव अंगणात काकडत बसलेला. इथे बाबांचं बोट आपसूक वर गेलं. आवाज मात्र थांबला नाही, तसाच पुढे धावला. बाबांनी डोळे उघडले. आधी यंत्राकडे बघितलं, मग लेकीकडे. खडू उचलला.

‘ती कुठे आहे?’

लेकीने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली, ती थेट हँगकाकांच्या टेबलापाशी. काकांनी होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. शेवटी चष्मा काढला.

“नाही गं. तू पुसलंस म्हणजे पुसलंसच. तुझं काम कधी कच्चं राहिलंय?”

हेच वाक्य आजवर किती जणांनी म्हटलं होतं. त्या दिवशी ते झोंबलं.

घरातले सगळे फोन तिने धुंडाळले. फोटो होते, पुष्कळ होते. पण ध्वनिमुद्रणात आई कुठेच नव्हती. दिवसभर तो आवाज घरात असा भरलेला असायचा, की तो साठवून ठेवावा, असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

“बाबा, मी कापला,” तिने सांगितलं. “आईचा आवाज. मला वाटलं, मध्ये येतोय.”

बाबांनी तळहाताने कापड पुसलं. खडू बाजूला ठेवून दिला.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच लॅपटॉप आणून तिच्यापुढे ठेवला. तिचं बोट धरलं आणि खालच्या लांब कीवर नेऊन टेकवलं. त्या कीने आवाज थांबतो, चालू होतो. ती कचेरीचं काम घरी आणायची, तेव्हा तिला हे करताना त्यांनी किती वेळा पाहिलं होतं.

गोष्ट सुरू झाली. देव अंगणात काकडत बसला. बाबांचं बोट वर गेलं. लेकीने की दाबली.

घर शांत. मोरीतला नळ ठिबकत होता. तिला राहवेना. ती म्हणाली, “मग?”

बाबांनी मान हलवली. रागाने नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गप्प राहायची खूण केली. ती जागा कुणी भरायची नव्हती, नुसती सोडायची होती. आईला बोलायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ बाबा छताकडे बघत राहिले. मग बोट खाली आलं. लेकीने की दाबली. गोष्ट पुढे निघाली.

पुढच्या थांब्याला मात्र बाबांचं बोट वर व्हायच्या आधीच तिने की दाबली. बाबांनी वळून पाहिलं. तिने मान खाली घातली. त्या सगळ्या जागा तिला पाठ होत्या. कापल्या तिनेच होत्या.