वकिलाची फी भरणारं खापर

मित्रांनो, मी एक जुनं खापर आहे. जुनं म्हटलं, फुटकं नव्हे! आमच्या खानदेशात मला चुलीवर पालथं ठेवतात आणि माझ्या तापल्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात.

धुळ्याजवळच्या एका खेड्यात कुंभाराने मला घडवलं आणि धुरपदाबाईंनी बोटांनी वाजवून वाजवून विकत घेतलं. त्यांचा मांडा हातावर फिरता फिरता कोपरापर्यंत यायचा. लोक त्यांचं कौतुक करत, आणि मी ते माझंच समजत असे. मग घरात गॅस आला. मला माळ्यावर टाकलं. मांजरीने माझ्या पोटात पिलं घातली. राग फार आला, पण सांगणार कोणाला?

एके दिवशी त्यांची लेक कामिनी धुळ्याहून, सासरहून, एकटीच परतली. भांडणानंतर नवऱ्याने तिला माहेरी धाडलं आणि सहा वर्षांच्या भाविकाला ठेवून घेतलं. कामिनीला तिची लेक हवी होती. काम पितांबरनाना वकिलांकडे दिलं, ते दोन्ही घरांच्या नात्यातले.

“आपला घरना वकील शे, फी कसानी?” धुरपदाबाई म्हणाल्या. नानांनीही पैशाला हात लावला नाही.

वर्ष सरत आलं. “नाना, मनी पोर कधी यी?” कामिनी विचारायची.

“मनावर, आपला नानावर, भरोसा नही का तुना?” नाना म्हणायचे. फुकट काम करणाऱ्याला जाब कसा विचारायचा?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या लेकी माहेरी आल्या, झोके बांधले, गाणी सुरू झाली. कोणीतरी सहज विचारलं, “भाविका कोठे शे?” कामिनी झोक्यावरून उतरली आणि घरी येऊन खूप रडली.

सण झाल्यावर ती धुळ्याच्या कोर्टात गेली. बाहेर बसलेल्या बायांना एकच गोष्ट विचारत फिरली, तुमचा वकील तुम्हाला बोलू देतो का? बऱ्याचजणी नुसत्या हसल्या. दोघी-तिघींनी मात्र एकच नाव सांगितलं, इंदिराबाई वकील. इंदिराबाईंनी चौकशी केली, तर नानांनी अजून अर्जच दिला नव्हता. त्यांच्या मनात पाप नव्हतं हो. त्यांना दोन्ही घरी चहा प्यायचा होता, एवढंच.

“बाईमाणसाला कोर्टातून मोफत वकील मिळतो. तो तुझा हक्क आहे,” इंदिराबाईंनी सांगितलं.

“पण माले तुम्हीच पाहिजेत, ताई. हप्त्याने फी घ्या. मंग माले बठ्ठं, सगळं इचारता यी.”

त्याच संध्याकाळी मला माळ्यावरून खाली काढलं. मायलेकी लग्नाकार्याच्या मांड्यांच्या ऑर्डरी घेऊ लागल्या. डोळ्यांत धूर, हाताला चटके, पण हप्ता चुकला नाही. कामिनी प्रत्येक वेळी प्रश्न घेऊन जायची आणि उत्तर घेऊन यायची. चुलीपुढे बसून ते आईला सांगताना तिचा आवाज मोकळा झालेला असे. मला त्याचा फार आनंद व्हायचा.

यंदा आखाजीच्या आधी कोर्टाने भाविकाला आईकडे सोपवलं. रविवारी वडिलांनी भेटायचं ठरलं. सणाला नानाही आले, जरा ओशाळून. कामिनीने त्यांना पोटभर वाढलं. पहिला मांडा मात्र भाविकाच्या ताटात पडला.

तिने तो तोडलाच नाही. “आई, सण झाल्यावर मला परत जायचंय?”

“नही वं माय,” कामिनी म्हणाली. मग पोरगी जेवली.

मित्रांनो, आता माझ्या कडेला बारीक चीर गेली आहे. मला हळू उतरवा, गरम असताना पाणी ओतू नका. आणि आपलं काम कोणावर सोपवलंत, तर त्याला विचारायला लाजू नका. तुम्ही लाजता, आणि तिकडे एखादं लेकरू आईची वाट बघत बसतं.