तोरणातला कागद

रविवारी मुंबईची मंडळी तुंगार्लीच्या धरणावर यायची, चिक्की खायची, पाण्याकडे बघून 'वा वा' करायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. येताना आणलेलं सगळं पोटात घालून न्यायची, पिशव्या तेवढ्या आम्हा गरिबांना ठेवून जायची. सोमवारी सकाळी बघावं तर धरणाच्या भिंतीपासून वरच्या वाडीच्या पायवाटेपर्यंत लाल, पिवळ्या, निळ्या पिशव्या घाणेरीच्या झुडपांना लटकलेल्या असत. वाऱ्यावर उडून त्या ओहोळात जात आणि तिथंच ठाण मांडत.

वाडीत या पिशवीला कागद म्हणत. साल सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचं असेल. प्लॅस्टिक हा शब्द वाडीच्या जिभेवर अजून बसायचा होता. दुकानदार ज्यात बांधून देतो तो कागद, मग तो वर्तमानपत्राचा असो नाहीतर या नव्या गुळगुळीत जातीचा. पोरं त्याला 'चिक्कीचा कागद' म्हणत. पोरांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांच्या बाईही तसंच म्हणू लागल्या, आणि सगळी गोम तिथंच होती.

बाई म्हणजे शालन. देहूरोडची. वडील लष्कराच्या डेपोत कामाला. छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा ही आईच्या कडेवर होती. डी. एड. होऊन ती वाडीच्या एकशिक्षकी शाळेत आली, तेव्हा ही बुद्धाची बाई आहे हे तिच्या ट्रंकेच्या आधी वाडीत पोचलं होतं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण सुरुवातीला तिला चहा मिळायचा तो अंगणात. मग ओट्यावर मिळू लागला. घरात मिळायला अजून अवकाश होता. शालन शहाणी होती, ती ओट्यावरचा चहा आनंदानं पीत होती.

शाळा उघडली तेव्हा तिनं पोरांकडून शाळेमागं एक खड्डा खणून घेतला होता. त्यात सागाचं पान, चिंधी आणि चिक्कीची पिशवी पुरली. पावसाळा सरता सरता उकरून पाहिलं. पानाची माती झाली होती, चिंधी हातात घेताच विरली, आणि पिशवी धुतल्यावर परत दुकानात ठेवावी अशी निघाली.

"हे कुजत नाही," शालननं सांगितलं. "आज टाकलं तर तुमच्या नातवंडांना सापडेल."

पोरांना याचं भारी हसू आलं. शिदूनं विचारलं, "आमची नातवंडं बी चिक्की खात्याल का, बाई?"

वेळापत्रकात कार्यानुभव म्हणून एक तास होता. 'स्थानिक सामग्रीतून वस्तू कराव्यात' असा वरून हुकूम होता, सामग्री मात्र आली नव्हती. शालन म्हणाली, या पिशव्यांइतकी स्थानिक सामग्री दुसरी कुठली? दर सोमवारी पोरं पायवाटेवरच्या पिशव्या गोळा करत, ओहोळाच्या पाण्यात धुऊन वाळवत, आणि मग कात्रीनं पाकळ्या कापून दोऱ्यानं बांधत. घाणेरीची झुडपं मोकळी झाली. ओहोळ वाहता झाला. आणि शाळेच्या खिडकीत फुलं फुलली. तिसरीतल्या गंगीचा हात सगळ्यांत वळणदार. ती लाल पिशवीचं असं चुणीदार फूल करायची, की शिदूनं एकदा त्याचा वास घेऊन पाहिला.

त्या वर्षी पावसानं झेंडू झोडपून टाकला. वाडीत दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आणि झेंडू यांचं तोरण बांधायची रीत. लोंब्या होत्या, फुलं नव्हती. शालनला वाटलं, ही तर चालून आलेली संधी.

"आपली कागदाची फुलं घरी न्या," ती म्हणाली. "आईला सांगा, तोरणात ओवा."

दसऱ्याला शालन देहूरोडला गेली. तिच्या घरीही तो दिवस मोठा, धम्म घेतल्याचा दिवस. पांढरी साडी नेसून ती विहारात गेली, आईच्या हातची खीर प्याली, आणि पोरांच्या फुलांचं कौतुक इतक्यांदा सांगितलं की वडील म्हणाले, आता एक फूल आम्हालाही दाखव. दसरा गुरुवारी होता, दोन दिवसांची रजा टाकून तिनं रविवारही जोडून घेतला. सोमवारी सकाळी ती वाडीत परतली तेव्हा दारोदारी पिवळ्याधमक लोंब्यांत लाल-निळी फुलं झुलत होती. हे आपल्या पोरांनी केलं, आणि वाडीनं ते देवाच्या मानानं दारावर चढवलं, याचा तिला खरोखर अभिमान वाटला.

वर्गात गंगी नव्हती.

"तिची गाय बसलीय, बाई," चिंगीनं सांगितलं. "उठंनाच."

मधल्या सुट्टीत शालन गंगीच्या घरी गेली. गोठ्यात तांबू पाय दुमडून बसली होती. डावी कूस टम्म फुगलेली, नाक कोरडं. गंगी तिच्या मानेवरून हात फिरवत होती, आणि गंगीची आई भागुबाई बांबूच्या नळीनं गोडंतेल पाजायला बघत होती. वाडीतल्या निम्म्या पोरांना या एकाच गाईचं दूध.

"रवंथ न्हाई, श्याण न्हाई," भागुबाई म्हणाली. "कोंडाजी आबा म्हनत्यात, नजर लागली."

"वेगळं काही खाल्लं का हिनं?"

"येगळं काय खानार? रोजचंच. आन परवा दसऱ्याचं तोरन. समदी पुनवेला उतरवत्यात, पर माज्या तोरनाला उंदीर लागलं. देवाचं तोरन उकिरड्याव टाकत न्हाई बाई आमी, गाईच्या मुखी घालतो. नव्या भाताच्या लोंब्या, लय आवडीनं खाल्लं तिनं."

शालन गाईजवळ खाली बसली. "फुलांसकट?"

"व्हय. कागदाचीच तर व्हती. गुरं कागूद खात्यातच की," भागुबाई सहज म्हणाली. "तुमीच सांगितलंत ना गंगीला, कागदाची फुलं."

शालनचाच शब्द होता. खड्ड्यातून उकरलेली पिशवी पोरांनी पाहिली होती, पण पोरांच्या आयांनी कुठं पाहिली होती? शाळेतलं शाळेत राहिलं आणि घरी गेला तो नुसता कागद.

खरं सांगायचं तर गप्प बसणं सोपं होतं. नजरेवर खापर फुटलंच होतं. खरं सांगितलं तर उद्यापासून कोण आपली पोरं हिच्या शाळेत धाडणार? पण पौर्णिमा उद्यावर आली होती. उद्या वाडीतलं प्रत्येक तोरण उतरणार, आणि प्रत्येक गोठ्यात जाणार.

"मावशी," ती म्हणाली, "ते कागद नव्हे. मी चुकीचं बोलले. ते पोटात विरघळत नाही, कुजत नाही. तांबूला त्यानंच झालंय."

भागुबाईनं नळी खाली ठेवली. तिनं शालनकडे पाहिलं, मग गंगीकडे पाहिलं. रागावली असती तर शालनला बरं वाटलं असतं.

"मंग आता काय करायचं?" भागुबाईनं एवढंच विचारलं.

शालन उतार उतरून लोणावळ्याला गेली आणि गुरांच्या डॉक्टरला घेऊनच वर आली. डॉक्टर भला माणूस. त्यानं कूस कापून पोटात हात घातला. घमेल्यात आधी लोंब्यांचा चोथा आला, मग दोऱ्यात गुंतलेली फुलं, आणि त्यांच्या मागून पिशव्यांचा एक काळपट गोळा आला, चांगला नारळाएवढा.

"हे एका तोरणाचं काम नव्हे," डॉक्टर शालनला म्हणाला. "धरणाकडे चरायला जाते ना ही? कधीपासून साठलंय. तोरणानं फक्त उरलीसुरली वाट बंद केली. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

शालननं मान हलवली, पण जिवाला लावून घ्यायचं ते तिनं घेतलंच. डॉक्टरनं टाके घातले, औषध दिलं. गाईच्या अंगात मात्र काही उरलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत तांबूनं मान टाकली.

भागुबाई मोठ्यानं रडली. गंगी रडली नाही. तिनं घमेल्यातली आपली फुलं उचलून पाण्यात खळबळली. लाल रंग तसाच, चुणीसुद्धा मोडली नव्हती.

"तांबू मेली, बाई," ती म्हणाली, "पर माजी फुलं न्हाई मेली."

शालननं तिला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शालन वाडीतल्या वडीलधाऱ्या कोंडाजी आबांच्या दारात उभी राहिली. आबांनी तोरण दिलं तर सगळी वाडी देईल आणि आबांनी नाही म्हटलं तर कुणीच देणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आबा ओट्यावर दोर वळत बसले होते. शेजारच्या गोठ्यात त्यांची बैलजोडी होती. सगळी भातं दारात यायची होती, आणि वाडीची बरीचशी कामं याच जोडीवर निघायची.

शालननं सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "आबा, तोरणातली फुलं मला काढून द्या. लोंब्या खुशाल गुरांना घाला. चूक माझी आहे."

आबांचा हात थांबला नाही. "दसऱ्याचं तोरन उतरवायचं ते घरच्यानं. सांजच्याला नव्या भाताचा घास खाऊन, मंग. तुमी तर देवच सोडलेत, बाई. तुमाला आमच्या तोरनाचं काय?"

शालनचा चेहरा पडला. हेच ऐकावं लागणार हे माहीत असूनही ते लागायचं तिथं लागलं. अंगणात आणखी माणसं जमली होती. कुणीतरी हळूच म्हणालं, आपला सण मोडाया आली.

"देवाला मी हात लावत नाही, आबा," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या हातानं उतरवा. मी अंगणात थांबते. पण ती फुलं तुमच्या बैलांच्या पोटात गेली तर मला या वाडीत तोंड दाखवता येणार नाही."

"गाय नजरंनं गेली," आबा म्हणाले.

"न्हाई, आबा." मागून भागुबाई बोलली. ती कधी येऊन उभी राहिली होती, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. डोळे सुजलेले, डोक्यावरचा पदर नीट घेतलेला. "डाक्तरनं पोट उघाडलं तवा म्या तितंच व्हते. डोळ्यांनी बगितलं. बाईंनी लपवलं आसतं तर मला काय कळलं आसतं? त्यांनी न्हाई लपवलं. माजं दावं रिकामं झालं आबा, तुमचं नगं व्हायला."

आबांनी दोर बाजूला ठेवला. गोठ्यातल्या जोडीकडे एकदा पाहिलं. मग उठले, दाराशी हात जोडले, तोरण उतरवलं आणि ओट्यावर बसून एकेक फूल सोडवायला लागले. पिवळं फूल त्यांच्या नातवानं केलेलं होतं. ते त्यांनी जरा बोटांत फिरवलं.

"ह्येला कागूद न्हाई म्हनायचं, तर मंग काय म्हनायचं?"

"प्लॅस्टिक."

"पलाष्टिक," आबा म्हणाले, आणि शब्द चांगला की वाईट ते ठरत नसल्यासारखे थोडे थांबले. "घ्या तुमचं पलाष्टिक."

शालननं पदर पुढं केला. अंगणातली माणसं पांगली, ती आपापल्या दाराकडेच गेली. कुणी खांबावर चढलं, कुणी पोराला हाक मारली.

ओट्यावर लोंब्या उरल्या होत्या, सोडवलेल्या, मोकळ्या. भागुबाईनं त्या गोळा केल्या, एक काडी पडू दिली नाही, आणि "तांबूला..." म्हणत आपल्या गोठ्याच्या वाटेला लागली. दोन पावलं गेली असेल नसेल, तशीच उभी राहिली.

मग ती मागं फिरली आणि तिनं त्या लोंब्या आबांच्या बैलापुढं धरल्या.