मी विवराच्या पायथ्याशी थांबले

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. माझ्या पोटात दोन अरुंद पलंग, एक गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी आहे, म्हणून लोक मला फिरतं घर म्हणतात. जन्माने मात्र मी पाववाली. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावात नऊ वर्षं मी पहाटे दारोदार पाव पोचवले.

बेकरीने मला मोडीत काढलं तेव्हा एडीने मला घेतलं. ती शाळेची बस चालवायची. पलंग तिने स्वतः ठोकले, पडदे तिच्या आईने शिवले, पिवळ्याधमक कापडाचे. एडी, तिची आई आणि थोरली बहीण मर्ना, तिघी माझ्यातून समुद्रकाठाने पुष्कळ हिंडल्या. पेट्रोल पंपावर माणसं वळून बघायची आणि मी आतल्या आत फुशारून जायचे. वाळवंटातलं उल्केचं विवर बघायचं, असा त्यांचा बेत दर हिवाळ्यात ठरायचा आणि दर हिवाळ्यात पुढे ढकलला जायचा.

मग आईने अंथरूण धरलं. मर्ना दूर पर्थला नर्स होती. एडीने तिला न विचारता आईला वृद्धाश्रमात ठेवलं. फोनवर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. आई गेली, तरी अबोला सुटला नाही. एडीने मला पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं, ते थेट अकरा वर्षं. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालत. टायर बसले. वाईट वाटायचं, पण गाडीने तक्रार करायची कुणाकडे?

एका सकाळी मर्नाचा फोन आला. तिच्या डोळ्यांना आजार जडला होता. समोर बघावं तिथे मधोमध काळा डाग, फक्त कडेकडेचं दिसायचं, आणि डाग वाढतच होता. "अजून थोडं दिसतंय तोवर विवर बघून घेऊ दे मला," ती म्हणाली. एडीने कोंबड्या हाकलल्या, टायर बदलले, तेल बदललं. ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, मर्ना आली आणि आम्ही निघालो.

आठ दिवस दोघी माझ्या पोटात राहिल्या आणि "मीठ दे," "दार लाव" यापलीकडे बोलल्या नाहीत. तनामी वाळवंटातला रस्ता लाल मातीचा, पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत. माझा एकूण एक खिळा वाजत होता, आणि आत मात्र चिडीचूप.

विवर मी पाहिलं नाही, मित्रांनो. चाकं असली म्हणून काय झालं, विवराच्या काठावर जायचा दगडांचा चढ मला थोडाच चढता येणार? मी पायथ्याशी थांबले. दोघी हातात हात न धरता वर गेल्या आणि हातात हात धरून उतरल्या. उतार घसरडा होता, म्हणून असेल. मर्नाने चहा ठेवला.

"कडा दिसली मला. अख्खी गोल," ती म्हणाली. "मध्ये काय होतं गं?"

"तळाशी पांढरट माती. आणि बरोबर मध्यावर झाडांचा पुंजका."

"झाडं? त्या खड्ड्यात?"

"हिरवीगार. तिथंच पाणी मुरत असणार."

"एवढा दगड आदळला, तिथं झाडं यायला किती वर्षं लागली असतील?"

"लाखभर वर्षं झाली म्हणतात. आपल्याला अकराच झाली."

मर्ना हसली. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. पण परत निघालो आणि आडवाटेवरच माझं इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची रबरी नळी फाटली. अकरा वर्षांत ती आतून कुजली होती आणि एडीच्या नजरेतून तेवढीच निसटली होती. इंजिन तापलं, मी थांबले. रस्त्याच्या धक्क्यांनी पिण्याच्या पाण्याच्या टाकीलाही चीर गेली होती. कॅनमध्ये पाच लिटर पाणी उरलं होतं. फोनला रेंज नव्हती.

"गुरांच्या फार्मवरचं घर वीस किलोमीटरवर आहे," मर्ना म्हणाली. "मी चालत जाते."

"डोकं फिरलंय का तुझं? वाळवंटात गाडी सोडायची नाही. शेंबड्या पोरालाही कळतं हे."

"सगळं तूच ठरवतेस. आईचंही तूच ठरवलंस!"

एडी आत जाऊन पलंगावर आडवी झाली. दुपारी तिचा डोळा लागला. मर्ना एक बाटली आणि टोपी घेऊन उतरली. जवळच्या टेकाडावरून एखादी गाडी दिसते का, एवढंच तिला बघायचं होतं. पण त्या माळावर गवताचे झुबके सगळे एकसारखे. पावलांसमोरचीच जागा जिला दिसत नाही, तिला वाट कशी सापडावी?

एडी जागी झाली, पलंग रिकामा. तिने दार उघडून दोन हाका मारल्या. मग माझ्या हॉर्नवर मूठ दाबली. थांबली, ऐकलं, पुन्हा दाबली. बॅटरी जुनी होती. मी होतं नव्हतं ते सगळं बळ आवाजात ओतलं. तासभर तरी आम्ही दोघी ओरडत होतो, ती रडत आणि मी घोगऱ्या गळ्याने. शेवटी झुबक्यांमधून टोपी दिसली. मर्नाच्या नडग्या काट्यांनी सोलवटल्या होत्या.

माझ्या सावलीत बसवून एडीने तिला घोट घोट पाणी पाजलं.

"आईला मी का ठेवलं, सांगू? मी थकले होते, मर्ना. दुसरं काही कारण नव्हतं."

"एवढंच? मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठं? तू ओरडलीस."

मर्नाने पाणी बाजूला ठेवलं. "मी नर्स. जगाच्या आयांना उचललं, बसवलं, आणि माझ्या आईपाशी मी नव्हते. राग माझाच मला होता गं. काढला तुझ्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेलीन आली. ती त्याच मुलखातल्या आदिवासींपैकी, विवराची राखण करणारी बाई. तिने नळी पाहून कपाळाला हात लावला. "आज्यांनो, ही नळी तुमच्याहून म्हातारी आहे! बरं झालं गाडीपाशी थांबलात. विवराचं तुम्हाला काय सांगितलंय? दगड पडला? आमच्याकडे म्हणतात, तिथून साप बाहेर आला. या भागात पायी भटकायचं नसतं." आणि मला दोर बांधून तिने आपल्या गाडीने ओढत नेलं.

मर्ना आता एडीकडेच राहते. तिचा डाग खूप वाढला आहे. दर रविवारी एडी तिला शेजारी बसवते आणि आम्ही खाडीकाठी जातो. वाटेत दोघी भांडतात, खिडकी उघडायची की नाही यावरून. मला ते ऐकायला आवडतं.

मित्रांनो, गाडी चालून झिजते, पण उभी राहून जास्त कुजते. आणि कूज बाहेरून दिसत नाही, नेमकी लांबच्या वाटेवर कळते. तुमच्या अंगणात माझ्यासारखी कुणी उभी असेल, तर तिला नवा रंग नको, कौतुकही नको. आठवड्यातून एकदा फक्त किल्ली फिरवा. माणसांचं काय करायचं ते मी कोण सांगणार? पण तिथेही कुणाला तरी आधी हात पुढे करावाच लागतो.