चोरांनाही उत्तर देणारे अंबरीशराव

या, अस्से पुढे सरका, मागे भिंतीला टेकून कथा पचत नाही. एका फार सज्जन माणसाची गोष्ट ऐकवायची आहे. हसाल, पण जरा जपून. आपणही त्याच जातकुळीतले.

अवधपुरीतले अंबरीशराव कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. आलेल्या प्रत्येक पत्राची पोच द्यायची, हा नोकरीतला धर्म त्यांनी ई-मेललाही लावला. टक्कल घालवणाऱ्या तेलवाल्याला लिहिलं, ‘आभारी आहे, तूर्त केस आहेत.’ परदेशातल्या कुणा विधवा राजकन्येचं सांत्वन केलं. इथे उत्तर देणारा देवमाणूस राहतो, ही सुवार्ता ठगांच्या पंचक्रोशीत पसरली आणि पूरच लोटला!

त्यात गणेशोत्सवाच्या कीर्तनाला नागपूरच्या दत्तूबुवांना आणतोच, असं राव मंडळात छाती ठोकून सांगून बसलेले. बुवा घसा जपायला फोन घेत नाहीत. तारीख ई-मेलवर कळवणार होते.

“बाबा, उत्तर दिलंत की त्यांना कळतं, पत्ता चालू आहे,” सून तन्वी म्हणाली. “लिंक दाबू नका, सरळ स्पॅममध्ये टाका.”

“आणि रीतभात?”

“चोराला पाट-पाणी कोण करतं हो?” रावांच्या पत्नी नलिनीताई स्वयंपाकघरातून कडाडल्या.

राव सुधारले. इनबॉक्स लख्ख झाला. बुवांचं पत्र मात्र येईना. मंडळाचा जितेंद्र चिडवू लागला, “काका, बुवा येतायत, की कीर्तनाला आपणच खडे होणार?”

शेवटी तन्वीने स्पॅमचा ढीग उपसला. तेलवाला आणि राजकन्येच्या मधोमध बुवा! विषय होता, ‘अमूल्य ठेवा! त्वरा करा! संधी दवडू नका!’ बुवांनी लिहिलं भक्तिभावाने, यंत्राने तोंड बघून हाकललं. आत होतं, ‘शनिवार सांजेपर्यंत होकार कळवा, नाहीतर तारीख इंदूरला देतो.’ आणि शनिवार आजच!

“फसवणूक! हात लावू नकोस!” आता राव पक्के शहाणे झाले होते.

“बाबा, पत्ता बघा, बुवांचाच. लिंक नाही, ओटीपी नाही. मागितलंय काय, तर साथीला पेटी नि तबला.”

रावांनी लगेच होकार धाडला. बुवा आले, हा किस्सा ऐकला, आणि कीर्तनाच्या उत्तररंगात चोरांना पानसुपारी देऊन संताला दारातून घालवणाऱ्या द्वारपालाचं आख्यान लावलं. सगळ्यांत मोठ्याने राव हसले.

तेव्हा भल्या माणसांनो, ठगांशी बोलू नका. पण तो ढीग पुसून टाकण्याआधी एकदा चाळा, आणि त्यात ताटकळलेल्या दत्तूबुवांना आठवा.