कानसेनांचे कान आणि मी

मित्रांनो, माझ्या झाकणाला कोपऱ्यात तडा गेला आहे. आतला रबरी पट्टा इतका सैल पडला आहे की वीज दिली तरी माझी तबकडी फिरायची नाही. तेव्हा मी एक जुना रेकॉर्डप्लेअर आहे, हे वेगळे सांगायला नको. सांगायचे आहे ते दुसरेच. ती गोष्ट ज्यांची आहे, ते स्वतः कधी सांगणार नाहीत. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे माझ्यासारखे शेकडो भाऊ रांगेत बसले होते. माझी पहिली आठ वर्षे नाचाच्या एका क्लासमध्ये गेली. लाकडी जमिनीवर चाळीस पावले एकदम पडली की माझी सुई उडायची आणि बाई मलाच रागे भरायच्या. पुढे त्यांनी नवे यंत्र आणले आणि मला जिन्याखाली ठेवले. तिथून मला उचलले कानसेनांनी.

कानसेन हे त्यांचे खरे नाव नव्हे. गल्लीने ठेवलेले नाव ते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम एक मऊ ब्रश. पुढे जुन्या रेकॉर्डींचे छोटे दुकान आणि मागे एक खोली, एवढाच त्यांचा संसार. बायको फार लवकर गेली होती, मूलबाळ नव्हते. दुसऱ्या गावी एक मोठी बहीण होती, तिचा दर रविवारी फोन यायचा. बाकी दिवसभर बोलायला गिऱ्हाइके आणि मी.

त्यांनी माझी मोटर उघडून साफ केली, नवी सुई बसवली, माझ्या पायांखाली रबराच्या चकत्या लावल्या आणि मला खिडकीशेजारच्या टेबलावर मानाने बसवले. विकायला नव्हे, पारख करायला. दुकानात येणारी प्रत्येक रेकॉर्ड आधी त्यांच्या हाताखालून आणि मग माझ्या सुईखालून जायची.

त्यांची पारख पाहण्यासारखी असे. रेकॉर्ड कडेने धरायची, बोट मध्ये कुठेही लागू द्यायचे नाही. दिव्याखाली ती तिरकी केली की केसाएवढे ओरखडेही चमकून उठत. मग ते मधल्या भोकाजवळ पाहत. तिथे पांढुरक्या रेघांचे जाळे असले की हसून म्हणत, "मालक वेंधळा होता. दर वेळी खुंटीवर बसवताना भोक शोधत बसलाय." एखादा ओरखडा ठळक दिसला तर त्यावरून हलकेच नख फिरवत. नख अडले तर सुईही अडणार. नाही अडले तर नुसता दिसण्याचा दोष. पाकीट ते नाकाशी नेत, ओलीचा वास येतो का पाहायला. कॅसेट असेल तर फितीमागचा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, इवलासा तुकडा जागेवर आहे ना, हे बघत. सीडी उजेडासमोर धरून सुईच्या टोकाएवढी भोके शोधत.

"पण शेवटचा शब्द कानाचा," असे ते प्रत्येकाला सांगत. "काही रेकॉर्डी दिसायला लख्ख असतात हो. आधीच्या मालकाने जड सुईने आतून खरवडलेल्या असतात. डोळ्याला ते दिसत नाही."

मग ते माझ्यासमोर स्टुलावर बसत, डोळे मिटत आणि दोन्ही बाजू अथपासून इतिपर्यंत ऐकत. ऐकून झाले की पाकिटावर छोटी चिठ्ठी चिकटवत. लख्ख, चांगली, बरी, आणि अगदीच गेलेली असली तर 'भिंतीवर टांगा'. त्या चिठ्ठीवर लोक डोळे झाकून विश्वास ठेवत. लांबून लांबून येत. "कानसेनांनी लख्ख म्हटलंय ना, मग ऐकून काय बघायचं!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की तेव्हा माझी मोटरसुद्धा अभिमानाने गरम होत असावी. ती माझी भरभराटीची वर्षे होती.

सगळे बिघडू लागले ते एका किटलीपासून.

मागच्या खोलीत शिट्टी वाजवणारी किटली होती. एकदा ती वाजत राहिली, वाजत राहिली, आणि कानसेन माझ्यासमोर निवांत बसून पाकिटे पुसत राहिले. शेवटी जळका वास आला तेव्हा धावले. "शिट्टी बिघडली वाटतं," असे म्हणून त्यांनी नवी किटली आणली. पंधरा दिवसांत तीही करपली. मग दुकानदाराच्या नावाने खडे फोडत त्यांनी तिसरी आणली.

रविवारी फोन आला की ते ओरडत, "ताई, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस गं! दात बसवून घे एकदा." तिकडून ताई काहीतरी म्हणत, आणि हे उत्तर भलतेच देत.

पण खरे काय ते माझ्या सुईखाली उघडे पडत होते. रेकॉर्डीतली चरचर, बारीक तडतड, वरच्या पट्टीतला करकरीत फाटका आवाज, हे सगळे खोलीभर वाजत असे. आणि माझ्यासमोर डोळे मिटून बसलेला तो माणूस समाधानाने मान डोलावून 'लख्ख' अशी चिठ्ठी लिहीत असे. अक्षर तेच वळणदार, हात तेवढाच काळजीपूर्वक. त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. म्हणूनच माझ्याच्याने ते पाहवत नसे.

हळूहळू गिऱ्हाइके कमी झाली. कानसेन म्हणत, "लोकांना आता रेकॉर्डी नकोत." दुपार दुपार दार उघडत नसे. ते एकटेच बसून आधी ऐकलेल्या रेकॉर्डी पुन्हा ऐकत.

एक बेकरीवाली मात्र न चुकता यायची. चाळिशीची, हाताला कायम पिठाचा वास. दर महिन्याला एकच रेकॉर्ड घ्यायची, घरी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी. एकदा तिने व्हायोलिनची एक रेकॉर्ड मागितली. वडिलांनी तरुणपणी ती ऐकली होती आणि आता त्यांना तीच हवी होती. कानसेनांनी चार ठिकाणी शब्द टाकून ती मिळवली. दिसायला आरसा होती. माझ्यावर लागली तेव्हा मात्र व्हायोलिनपेक्षा तडतड जास्त होती. कानसेनांनी चिठ्ठी लावली, 'लख्ख'.

महिन्याभराने ती बाई आली. रेकॉर्ड पिशवीत होती.

"काका, परत द्यायला नाही आले," ती म्हणाली. "बाबा गेले मागच्या आठवड्यात."

कानसेन उठून उभे राहिले. ती शांतपणे बोलत होती.

"शेवटी शेवटी ही लावली होती. बाबा हसले. म्हणाले, तिथं मागं कुणीतरी कागद चुरगाळतंय, त्याला म्हणावं थांब जरा. मग म्हणाले, राहू दे, बंद कर. म्हटलं, तुम्हाला सांगावं. तुम्ही इतक्या खटपटीनं आणली होती."

"कागद?" कानसेन गोंधळले. "छे! पोरी, ही मी दोन्ही बाजूंनी ऐकलीय. तुमची सुई खराब असेल. थांब, दाखवतो."

त्यांनी रेकॉर्ड माझ्यावर ठेवली. सुई टेकवली. खोली तडतडीने भरून गेली. कानसेन कान देऊन ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उजळत होता.

"बघ! आहे कुठे काही?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. भांडायला आली असती तर बरे, असे मला वाटले. तिने पुढे होऊन आवाज वाढवला. मग हळूच विचारले, "काका, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

"काय?"

"हे. हे आत्ता वाजतंय ते."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. बाजू संपली, सुई शेवटच्या रेघेत गोल गोल फिरत राहिली, तरी ते हलले नाहीत. शेवटी तिनेच माझा सुईचा दांडा उचलून जागेवर ठेवला.

दोन दिवसांनी ते कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून ताईंना फोन लावला, स्पीकर मोठा करून. वरचे सगळे सूर कधीच गेलेत, बरीच वर्षे झाली असणार, असे डॉक्टर म्हणाले होते. "मला विचारतात, घरात कुणी बोललं नाही का, टीव्ही मोठा लावता म्हणून? काय सांगू ताई? घरात आहे कोण बोलायला?"

मग ताई म्हणाल्या, "मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलायस. मी एक विचारायची आणि तू उडवून लावल्यासारखं दुसरंच बोलायचास. मी किती रविवार रडलेय रे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराला कागद चिकटवला. 'माझे कान गेले आहेत. गेल्या काही वर्षांत माझ्या चिठ्ठीवर विसंबून घेतलेल्या रेकॉर्डी परत आणाव्यात. चूक माझी आहे.' असे लिहायला काय लागत असेल, मित्रांनो, ते मी त्यांच्या हाताकडे पाहून जाणले. तीन कागद फाडले होते त्यांनी.

लोक आले. काहींनी रेकॉर्डी आणल्या, काही रिकाम्या हातांनीच आले. समोरचा घड्याळवाला त्यांचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. तो चुळबुळत म्हणाला, "अहो, रेकॉर्डीचं काय घेऊन बसलात! आम्हाला माहीतच होतं."

"काय माहीत होतं?"

"हेच. तुमच्या कानांचं. सगळ्यांनाच. पण तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं? कानसेन तुम्ही! वाईट वाटलं असतं."

मी कानसेनांना कधी रागाने आवाज चढवताना पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले.

"वाईट वाटलं असतं, एक दिवस वाटलं असतं! मला वाटलं, दुनियेला गाणं नको झालंय. मी इथं बसून दाराकडे बघायचो, आणि तुम्ही माझी भीड बाळगून दुसऱ्या दुकानात जात होतात? माझ्या नावाची खोटी चिठ्ठी लागत होती आणि तुम्ही सगळे गप्प?"

घड्याळवाला मान खाली घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पण बोलणे काही पूर्वीसारखे झाले नाही.

त्यांनी कानाचे यंत्र घेतले. बोलणे कळू लागले, किटली ऐकू येऊ लागली, पण गाणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटे. मग ते ऐकून पारख करायचे थांबले. चिठ्ठ्या चालू राहिल्या, पण मजकूर बदलला. 'डोळ्यांनी पाहिली आहे. ऐकलेली नाही. आपण ऐकून घ्यावी.' गिऱ्हाईक माझ्यासमोर त्यांच्या स्टुलावर बसे आणि ते पाठमोरे उभे राहून पाकिटे पुसत. बेकरीवाली यायची. वडील नव्हते, तरी यायची. "खरं बोललेली तू एकटी," असे ते तिला एकदा म्हणाले. ती म्हणाली, "काका, मीही घाबरतच बोलले."

वर्षभराने ताई स्वतः आल्या. काठी टेकत, आपल्या घरचे दोन जिने उतरून, गाडीतून इतक्या लांब. "दोघं वेगवेगळ्या गावांत बसून काय करायचंय?" म्हणाल्या. दुकान आवरले गेले. कानसेनांनी माझी सुई काढून डबीत ठेवली, झाकण लावले, ब्रशने धूळ झटकली आणि मला तिथेच ठेवून ताईंबरोबर त्यांच्या गावी निघाले. त्यांचे तिथे बरे चालले असावे. मला कळायला मार्ग नाही.

आता इथे पडद्यांचे दुकान आहे. मला काचेत शोभेला ठेवले आहे, फुलदाणीशेजारी. लोक माझा फोटो काढतात. गेल्या सहा वर्षांत मला कुणी वाजवून पाहिलेले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे माझ्यासारख्याने शेवटी सांगायचे असते. माझी धूळ राहिली तरी चालेल. पण तुमच्या ओळखीत कुणी एकटे राहत असेल, त्याचा सदरा उलटा असेल, हात थरथरत असेल, एकच गोष्ट तो तीनदा सांगत असेल, तर त्याला सांगायला बिचकू नका. हळू सांगा, जवळ बसून सांगा, पण सांगा. त्याच्या घरात सांगायला दुसरे कुणी नसते. मी रोज त्यांच्यासमोर होतो आणि मला सगळे ठाऊक होते. पण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.