हाकेच्या अंतरावर

वेतमास्तरांना जन्मापासून दिसत नव्हतं, पण गल्लीत कुणी नवखा माणूस पत्ता शोधत आला की लोक त्यांच्याकडेच बोट दाखवायचे. मास्तर मांडीवरची खुर्ची बाजूला ठेवायचे, हात झटकायचे आणि पाहुण्याला थेट दारापर्यंत सोडून यायचे. पांढरी काठी होती, पण ती घरात कपाटामागे धूळ खात पडलेली.

खुर्च्यांच्या बैठका विणणं हा त्यांचा धंदा. दाराबाहेर पायरीवर बसून ते पाण्यात भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या ओढत, एकीखालून दुसरी घालत. जाळीची भोकं इतकी सारखी यायची की लोक चकित होत. मास्तर म्हणत, "खुर्चीवर डोळे ठेवून कोण बसतं?"

एके दिवशी सरकारी माणसं आली आणि दारादारांवर आकडे रंगवून गेली.

"आपल्यावर एकशे सत्तावीस लिहिलंय," बायको म्हणाली. "लाल रंगात."

"अक्षर तरी बरं आहे का?"

"थट्टा पुरे. सगळं पाडणार आहेत. अकराच्या अकरा गल्ल्या."

त्या जागी सात उंच इमारती होणार होत्या. बायकोला ते ऐकून हायसं वाटलं, आणि तिचं काही चुकत नव्हतं. तीस वर्षं ती कोपऱ्यावरच्या नळावरून पाणी भरत होती आणि आता तिचे गुडघे बोलायला लागले होते. "तुम्हाला गल्लीचं कौतुक असेल," ती म्हणायची. "बादल्या मी वाहते."

शाळेच्या सभागृहात बैठक झाली. टेबलावर नव्या वस्तीची छोटी प्रतिकृती ठेवली होती आणि लोक तिच्यावर तुटून पडले होते. मास्तरांनी विचारलं, "हात लावून बघू का?" बैठक घेणारे साहेब म्हणाले, "नको, नाजूक आहे." पण नकाशे काढणारी मुलगी पुढे आली, तिनं मास्तरांचा हात धरून अलगद त्या इमारतींवर ठेवला. सात गुळगुळीत खांब बोटांना लागले. मधे नुसता सपाट पुठ्ठा.

"गल्ली कुठे आहे?"

"गल्ली नाही काका. मधे मोकळी जागा सोडलीय."

"मग माणसं कुठे भेटायची?"

मागे कुणीतरी हसलं. साहेबांनी पुढचा मुद्दा घेतला. मुलीला मात्र तो प्रश्न चैन पडू देईना. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन दारात हजर. "काका, तुम्ही कसे चालता ते मला दाखवा."

मास्तर निघाले, ती मागोमाग. चार घरं ओलांडली तसा घड्याळवाल्याचा आवाज आला, "मास्तर, आज सोबत घेऊन निघालात?" पुढे पिठाच्या गिरणीवाल्यानं नुसतंच "ओ मास्तर!" केलं. वळणावर इस्त्रीवाली अक्का होती. बावीस वर्षं तिचं टेबल त्या कोपऱ्यावर होतं. तिनं ओरडून सांगितलं, "उजवीकडे घ्या हो, पाइपासाठी खणून ठेवलंय मेल्यांनी!" मास्तर न थांबता उजवीकडे झाले आणि चालत राहिले.

"किती पावलांवर वळता, काका?" मुलीनं विचारलं.

"पावलं कशाला मोजू? हाका येतात की."

ती थांबली. बराच वेळ वहीवर पेन टेकलेलं असणार, कारण लिहिल्याचा आवाज येईना. मग म्हणाली, "हाका मला नकाशात काढता येत नाहीत हो. जमिनीवर उंचवट्याच्या पट्ट्या मात्र बसवून घेईन. शब्द देते."

ज्यांच्याकडे कागद होते त्यांना नवं घर मिळणार होतं. अक्का भाड्याच्या खोलीत राहायची, आणि कोपऱ्यावरच्या टेबलाला कसले आलेत कागद? तिनं चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. हाती काही लागलं नाही. एका सकाळी मास्तर नेहमीसारखे वळणापाशी आले. कुणी काही बोललं नाही. कोळशाचा वास नव्हता, ओल्या कापडाची वाफ नव्हती. मास्तर तसेच पुढे गेले आणि भिंतीवर आदळले. अक्का आदल्या दिवशीच टेबल उचलून निघून गेली होती, कुणालाही न सांगता. कपाळावरचं टेंगूळ आठवडाभर राहिलं. बायको शेक देताना म्हणाली, "जायच्या आधी येऊन दोन शब्द बोलली असती तर काय झालं असतं!"

तीन वर्षं तात्पुरत्या खोल्यांत काढून ते नव्या इमारतीत आले. चौथी इमारत, अकरावा मजला. नकाशे काढणाऱ्या मुलीनं शब्द पाळला होता. फाटकापासून लिफ्टपर्यंत पायाखाली उंचवट्याच्या पट्ट्या होत्या, लिफ्टच्या बटणांवर बोटांनी वाचायचे ठिपके होते. ती भेटायला आली तेव्हा मास्तर मनापासून म्हणाले, "काम चोख केलंस, बाळ." खोटं नव्हतं ते. कपाटामागची काठी बाहेर निघाली आणि आठ दिवसांत मास्तर एकटे सगळीकडे जाऊ लागले.

पण त्या जाण्यात राम नव्हता. दारं बंद असत. समोरून माणूस आला तर सभ्यपणे बाजूला होई, श्वासही रोखून धरी, जणू मास्तरांना त्याचा त्रास होईल. जिन्यात मोठ्यानं बोलू नये अशी सूचना लागली होती. एकदा त्यांनी बायकोला गळ घातली, "मी खाली गेलो की खिडकीतून एक हाक मार." तिनं घसा ताणून मारली. अकराव्या मजल्यावरून निघालेली हाक वाऱ्यानं कुठल्या कुठे नेली. खाली मास्तर मान वर करून उभेच.

"आलं का ऐकू?" ते परतल्यावर तिनं विचारलं.

"आलं," ते म्हणाले. तिला खरं काय ते कळलं.

एका दुपारी ते लिफ्टनं खाली येत होते. सहाव्या मजल्यावर कुणीतरी आत आलं. फिनेलचा वास, बादलीची कडी वाजणं. ते माणूस कोपऱ्यात सरकून उभं राहिलं. मग बादली नीट ठेवायला उचलताना त्याच्या तोंडून "हं" असा आवाज निघाला. जड इस्त्री उचलताना बावीस वर्षं निघायचा तोच.

"अक्का?"

बादलीची कडी नुसतीच किणकिणली.

"अक्का, नाही म्हणू नका."

"कसं ओळखलंत हो मास्तर?"

"ते राहू दे. किती दिवस आहात इथे?"

"चार महिने झाले. जिने पुसते. रोज बघते तुम्हाला."

"आणि हाक मारली नाहीत?"

"कुठल्या तोंडानं मारू? तुम्ही इथले राहणारे. मुकादमानं बजावलंय, राहणाऱ्यांशी बोलायचं नाही. दोन बस बदलून येते, हे काम गेलं तर... आणि त्या दिवशी न सांगता गेले, त्याची लाज वाटते. निरोप घेतला असता ना, तर पाय निघाला नसता."

लिफ्ट खाली पोचली. दोघांपैकी कुणीच उतरलं नाही. दार मिटलं, मास्तरांनी चाचपून सगळ्यात वरचं बटण दाबलं. वर जाईपर्यंत अक्का बोलत होती. गिरणीवाला मुलीकडे परगावी गेला. तिची स्वतःची खोली आता अशा ठिकाणी आहे की तिथे शेजारणीचं तोंडही तिनं धड पाहिलेलं नाही. मास्तर मान हलवत ऐकत होते. त्यांना तिनं काहीही बोललेलं चाललं असतं, नुसतं बोलत राहायला हवं होतं.

खाली येताना नवव्या मजल्यावर कुणी बाई आत आली. अक्काचं बोलणं तुटलं. खाली दार उघडल्यावर बादलीची कडी लांब लांब वाजत गेली आणि मास्तर ती ऐकू येईनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

घरी बायकोनं विचारलं, "एवढा वेळ कुठे होतात?"

त्यांनी सांगितलं. बायको हातातलं काम टाकून बसलीच.

"चार महिने? आपल्या जिन्यात? आणि आपल्याला पत्ता नाही? उद्या तिला दुपारी वर घेऊन या. आपल्याबरोबर दोन घास खाईल."

"मुकादम आहे."

"त्याच्याशी मी बोलते. माझ्या घरी कोण यावं हे तो ठरवणार होय?" ती तावातावानं बोलली. मग खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ येऊन बसली. या घरात आल्यापासून ती एकदाही गल्लीचं नाव काढून बोलली नव्हती.

"आणि घड्याळवाला?" तिनं हळूच विचारलं. "त्याचं काही बोलली का ती?"